डर्बनचे गोवेंडर मूळचे कुठले?

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलीचे लग्न दक्षिण आफ्रिकेतल्या डर्बनमध्ये वाढलेल्या मुलाशी ठरते आहे. आडनाव गोवेंडर. घरचे लोक स्वतःला तमिळ म्हणवतात, पण तमिळ बोलता कुणालाच येत नाही. चेन्नईतल्या ओळखीच्यांना विचारले, तर 'असे आडनाव आमच्याकडे नसतेच' असे उत्तर आले. मग हे 'गोविंद'वरून आले का, त्याचा अर्थ काय, आणि मूळ गाव सापडेल का?

गाव सापडू शकते. मात्र ते आडनावावरून नव्हे, एका आकड्यावरून सापडते. त्याबद्दल पुढे लिहिले आहेच. आधी आडनाव पाहू.

गोवेंडर म्हणजे 'कवुंडर'. इंग्रजी स्पेलिंगमुळे आपण ज्याला 'गौंडर' वाचतो, तीच ही पदवी. गोविंदाशी तिचा काडीचा संबंध नाही. नावांचे अर्थ सांगणाऱ्या संकेतस्थळांवर 'गाईंचा रक्षक' वगैरे दिलेले असते, ते केवळ इंग्रजी अक्षरे सारखी दिसतात म्हणून. डर्बनमध्ये 'गोविंदसामी' असेही आडनाव आहे आणि ते खरोखर गोविंदाचे आहे. दोन्ही एकाच गल्लीत राहत असतील, पण एकाच मुळाची नाहीत.

'क'चा 'ग' कसा झाला? तमिळ लिपीत क आणि ग या दोन्हींसाठी एकच अक्षर आहे. लिहिताना 'कवुंडर', बोलताना कुणी 'कवुंडर' म्हणतो, कुणी 'गवुंडर'. त्यातला 'वु' इतका हलका की ऐकणाऱ्याला कधी तो 'व' वाटतो, कधी नुसता 'उ'. ज्या कारकुनाने 'व' पकडला त्याने गोवेंडर लिहिले. ज्याने 'उ' ऐकला त्याने गौंडर किंवा गौंडेन. तमिळ न येणाऱ्या माणसाने कानाला पडेल ते इंग्रजीत उतरवले आणि पुढच्या पिढ्यांनी ते उतरवलेलेच वाचायला सुरुवात केली. आज डर्बनमध्ये या आडनावाचा उच्चार स्पेलिंगबरहुकूम होतो, तमिळबरहुकूम नाही. फिजीत हेच आडनाव 'गौंडार' असे लिहितात.

आता शेवटचे अक्षर जरा जवळून पाहा, कारण तिथे इतिहास दडलेला आहे. तमिळमध्ये 'कवुंडन' हे एकेरी, 'कवुंडर' हे आदरार्थी. आपल्याकडे 'तो पाटील' आणि 'ते पाटील' यांत जो फरक, तो तमिळमध्ये शब्दाच्या शेपटात असतो. नाताळच्या, म्हणजे डर्बन ज्या इंग्रजी वसाहतीत होते तिच्या, जुन्या कागदांत 'गौंडेन' भरपूर दिसतो, तो या एकेरी रूपाचा. मजूर म्हणून निघालेल्या माणसाला भरती करणारा आणि लिहून घेणारा 'अहो' कशाला म्हणेल? 'नायकर'चा 'नायकेन' झाला तो याच वाटेने. मुदलियारांचे 'मूडली' झाले आणि चेट्टियारांचे 'चेट्टी', तिथेही मागचा आदराचा 'आर' गळालेला. त्यामुळे गौंडेन आणि गोवेंडर ही दोन वेगळी घराणी आहेत असे समजू नका. सख्ख्या चुलत भावांत एक गौंडेन, एक गोवेंडर असे सर्रास सापडते.

शब्दाचा अर्थ गावप्रमुख. जुन्या कन्नड शिलालेखांत 'गामुंड', 'गावुंड' ही रूपे गावच्या मुख्य माणसासाठी येतात आणि कर्नाटकातला आजचा 'गौडा' त्याच कुळातला. तेव्हा मराठी माणसाला हे समजायला अवघड नाही: आपला पाटील. पाटील हे आधी काम होते, मग मान झाला, मग आडनाव. आणि आज पाटील आडनाव ऐकून जात सांगता येत नाही, कारण मराठा, लिंगायत, जैन, आगरी, कोळी, लेवा अशा सगळ्यांत पाटील आहेत. कवुंडरचे अगदी असेच आहे. कोइम्बतूर, इरोड, तिरुप्पूर या कोंगू भागात कवुंडर म्हटले की कोंगू वेल्लाळ शेतकरी समजतात. पण सेलम, धर्मपुरी, तिरुवण्णामलै भागात वन्नियर समाजही हीच पदवी लावतो. शिवाय वेट्टुव कवुंडर आहेत, ऊराळी कवुंडर आहेत, कुरुंब कवुंडरही आहेत. वन्नियरांची तर आणखी गंमत आहे. एकच समाज, पण दक्षिण अर्काट आणि तंजावरकडे त्यांची पदवी 'पडयाची', चेंगलपट्टू आणि उत्तर अर्काटकडे 'नायकर', आणि पश्चिमेकडे सरकले की 'कवुंडर'. डर्बनमध्ये ही तीन वेगळी आडनावे झाली आणि लोक त्यांना तीन वेगळ्या जाती समजतात.

मग तुमच्या होणाऱ्या जावयाचे घराणे यातले कुठले? नुसत्या आडनावावरून सांगणारा माणूस अंदाज ठोकतो आहे असे खुशाल समजा. नाताळला गेलेल्या तमिळांत उत्तर अर्काट आणि चेंगलपट्टू या जिल्ह्यांचा वाटा मोठा होता, कोंगू भागाचा त्या मानाने कमी. म्हणून कल वन्नियरांकडे जातो. पण कल म्हणजे पुरावा नव्हे.

चेन्नईत हे आडनाव का ऐकू येत नाही, याची दोन कारणे आहेत. एक तर स्पेलिंग. 'गोवेंडर' असे तिथे कुणीच लिहीत नाही. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. तमिळ माणसाला आपल्या अर्थाने आडनाव नसतेच. आधी गावाचे किंवा वडिलांच्या नावाचे आद्याक्षर, मग स्वतःचे नाव. सी. एन. अण्णादुरै यातला 'सी' कांजीवरमचा, 'एन' वडील नटराजन यांचा. एम. के. स्टालिन यात 'एम' आजोबा मुत्तुवेल, 'के' वडील करुणानिधी. जातीची पदवी पूर्वी नावाच्या मागे लागायची, पण १९२९ मध्ये चेंगलपट्टूला झालेल्या स्वाभिमान चळवळीच्या परिषदेत ती टाकून द्यावी असा ठराव झाला. पेरियार ई. व्ही. रामसामी यांनी स्वतःच्या नावातला 'नायकर' काढला. पुढच्या दोन-तीन पिढ्यांत अधिकृत नावांतून या पदव्या जवळजवळ नाहीशा झाल्या. गावात बोलताना 'कवुंडर' म्हणतात, पण शाळेच्या दाखल्यावर ते नसते.

नाताळला मात्र मजुरांची भरती १९११ मध्येच बंद झाली होती. तिथे गेलेल्यांना ही चळवळ लागलीच नाही. त्यांच्याकडे पदवी उरली, आणि वसाहतीच्या कागदांना दुसरे नाव हवेच होते, म्हणून तिचे आडनाव बनले. चेन्नईला जे पुसले गेले ते डर्बनला दारावरच्या पाटीवर आहे. ओळखीच्यांनी 'आमच्याकडे नसते' म्हटले ते खरे. त्यांच्या पणजोबांकडे होते.

आता हे आडनाव नेमके कुठल्या क्षणी चिकटले ते पाहू, कारण शोध घेताना हीच जागा फसवते. नाताळच्या उसाच्या मळ्यांसाठी पहिले जहाज 'ट्रुरो' मद्रासहून निघून १६ नोव्हेंबर १८६० ला डर्बनला लागले. त्यावर ३४२ माणसे होती. पुढे १९११ पर्यंत करारावर १,५२,१८४ जण गेले आणि त्यांतले सुमारे दोन तृतीयांश मद्रास बंदरातून. प्रत्येक जहाजाची यादी बनायची. तिच्यात रकाने असे: वसाहतीचा क्रमांक, नाव, बापाचे नाव, वय, पुरुष की स्त्री, जात, जिल्हा, ठाणे किंवा तालुका, गाव, अंगावरच्या खुणा, आणि कुणाकडे कामाला लावले. आडनावाचा रकानाच नाही. नावाच्या रकान्यात 'मुनसामी' एवढेच. 'गौंडेन' असलाच तर तो जातीच्या रकान्यात.

पाच वर्षांचा करार संपून माणूस मोकळा झाला, जमीन भाड्याने घेतली, लग्न नोंदवले, पोराला शाळेत घातले, की प्रत्येक ठिकाणी दोन नावे मागितली जायची. मग दोनपैकी एक गोष्ट घडे. जातीच्या रकान्यातला शब्द नावामागे सरके आणि मुनसामी गौंडेन तयार होई. किंवा बापाचे नाव पोराचे आडनाव होई. समजा मुनसामीला दोन मुलगे. थोरल्याच्या दाखल्यावर 'पेरुमाळ गोवेंडर' लिहिले गेले, धाकट्याच्या दाखल्यावर 'कृष्णा मुनसामी'. दोघांची नातवंडे आज एकमेकांना दूरचे ओळखीचे समजतील. म्हणून गोवेंडर घराण्याचा माग काढताना फक्त गोवेंडर शोधणारा अर्धे नातेवाईक गमावतो. चौथ्या पिढीपलीकडे गेलात की आडनाव सोडून द्या आणि व्यक्तिनावे धरा.

हे फक्त तमिळांचेच झाले असे नाही. मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातल्या मराठी माणसांचीही घरची आडनावे अशीच कागदात हरवली आणि पणजोबांचे पहिले नाव आडनाव होऊन बसले. मॉरिशसच्या मराठी घरांत आपल्या ओळखीचे आडनाव सहजी दिसत नाही ते त्यामुळे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. मद्रासच्या डेपोत जातीचा पुरावा कुणी मागत नव्हते, आणि डर्बनला उतरल्यावर तर विचारणाराही कुणी उरला नव्हता. गावाकडे ज्यांना वेशीबाहेर राहावे लागे, अशा घरांतल्या काहींनी तिकडे नायडू, पिल्ले, गोवेंडर अशा मानाच्या पदव्या उचलल्या. त्यात लबाडी काय आहे? गावातले लेबल गावात टाकून दुसरे लावण्याची ती एकच संधी होती. पण शोध घेणाऱ्याने हे लक्षात ठेवावे, की आडनावात गोवेंडर आणि जहाजाच्या यादीत जातीच्या रकान्यात काही वेगळेच, असे निघू शकते. मुलाच्या आजीसमोर ही यादी उघडण्याआधी तिला ते रुचेल का, याचा अंदाज घ्या. काही घरांत याच रकान्यावरून अबोला धरला जातो.

आता प्रत्यक्ष शोध. सुरुवात चेन्नईच्या एग्मोर अभिलेखागारातून करू नका. 'कवुंडर कुटुंब, आफ्रिकेला गेले' एवढ्यावर तिथे काही हाती लागत नाही. सुरुवात डर्बनच्या घरातल्या कपाटातून करायची. हवा आहे तो क्रमांक, ज्याला तिकडे 'कलोनियल नंबर' म्हणतात. करारावरच्या आणि करारातून सुटलेल्या भारतीयांचे जन्म, लग्ने, मृत्यू 'प्रोटेक्टर ऑफ इंडियन इमिग्रंट्स' या अधिकाऱ्याच्या कचेरीत नोंदले जात, आणि त्या जुन्या दाखल्यांवर माणसाचा किंवा त्याच्या आई-बापांचा क्रमांक असतो. पणजोबा-पणजीचा जन्माचा दाखला, लग्नाचा दाखला, करारमुक्तीचा कागद, यांपैकी काहीही चालेल. दाखला हरवला असेल तर तिथल्या गृहखात्याकडून नवा काढता येतो. मात्र अर्ज करताना 'अनअब्रिज्ड', म्हणजे आई-वडिलांच्या तपशिलासह असलेला, मागायचा. साध्या संक्षिप्त दाखल्यावर नेमका हवा तो भाग नसतो. मिळाल्यास मूळ नोंदवहीच्या पानाची प्रत मागा, कारण संगणकावर चढवताना समासातला आकडा बहुधा गाळला जातो.

दाखला नसेल तर मृताच्या मालमत्तेची फाइल शोधा. थोडीफार जमीन किंवा दुकान मागे ठेवून माणूस वारला असेल, तर त्याची 'डेथ नोटीस' पीटरमॅरिट्झबर्गच्या अभिलेखागारात असण्याची बरीच शक्यता आहे. तिच्यात आई-वडिलांची नावे, जन्मस्थान आणि सगळ्या मुलांची नावे असतात. दोन भावांची आडनावे वेगळी का झाली, हे कोडे बहुतेक वेळा या एका कागदावर सुटते.

क्रमांक हाती आला की निम्मे काम झाले. हे क्रमांक आगमनाच्या ओळीने दिलेले आहेत, त्यामुळे आकड्यावरूनच काळ कळतो. १८६० ते १८६६ या पहिल्या टप्प्यात सुमारे साडेसहा हजार लोक आले, मग १८७४ पर्यंत भरती बंद होती. म्हणजे तुमचा आकडा साधारण साडेसहा हजारांच्या आत असेल तर माणूस पहिल्या सहा वर्षांतला. त्यापुढचा असेल तर बहुधा १८७४ नंतरचा. बायकांना आणि मुलांनाही स्वतंत्र क्रमांक दिलेले असल्याने एका कुटुंबाचे आकडे लागोपाठ येतात. म्हणून एक ओळ पाहून थांबू नका, वरच्या आणि खालच्या दहा-दहा ओळी वाचा. भाऊ, मेहुणा, त्याच गावचा शेजारी तिथेच सापडतो. याद्यांच्या मूळ वह्या डर्बनच्या अभिलेखागारात आहेत आणि क्वाझुलू-नाताळ विद्यापीठाच्या गांधी-लुथुली दस्तऐवज केंद्राने त्या संगणकावर आणल्या आहेत. संगणकावरची यादी शोधायला सोयीची, पण ती हस्ताक्षर वाचून टंकलेली आहे. निष्कर्ष काढण्याआधी मूळ पानाचा फोटो पाहाच.

क्रमांक नसताना नुसत्या नावाने शोधायचे म्हटले तर मुनसामी शेकड्यांनी सापडतात. अशा वेळी तीन गोष्टी एकत्र जुळल्या तरच पुढे जा: बापाचे नाव, वय (चार-पाच वर्षांची फारकत धरून), आणि ज्या मळ्यावर लावले त्याचे नाव. घरात सांगितली जाणारी मळ्याची आठवण सहसा पक्की असते. गावाची आठवण मात्र कच्ची. 'आम्ही मद्रासचे' याचा अर्थ जहाज मद्रासहून सुटले, एवढाच.

आता यादी वाचताना काय चुकते ते पाहू. जातीच्या रकान्यात 'मलबार' दिसले म्हणून केरळ गाठू नका. त्या काळच्या इंग्रजी आणि फ्रेंच कारभारात मलबार म्हणजे तमिळ माणूस. रियुनियन बेटावर तमिळ वंशाच्या लोकांना आजही 'मालबार' म्हणतात. 'जेंटू' दिसले तर तो तेलुगू. 'पळ्ळी' आणि 'पळ्ळन' हे दोन शब्द घाईच्या हस्ताक्षरात सारखे दिसतात, पण समाज पूर्ण वेगळे आहेत: पळ्ळी हे वन्नियरांचे जुने नाव, पळ्ळन हे दलित शेतमजूर समाजाचे. १८७१ च्या जनगणनेपासून वन्नियरांनी 'पळ्ळी' या नोंदीला हरकत घेऊन क्षत्रिय म्हणून नोंद मागितली होती, त्यामुळे नंतरच्या याद्यांत तोच समाज 'वन्निया' म्हणूनही येतो. तुमच्या गोवेंडरांच्या मूळपुरुषासमोर पळ्ळी, वन्निया, गौंडेन, वेल्लाळ यांपैकी काहीही असू शकते. पहिल्या दोन शब्दांनी प्रश्न सुटतो. 'गौंडेन'ने सुटत नाही, जिल्हा पाहावा लागतो.

जिल्हे-तालुक्यांची नावे मराठी वाचकाला एका अर्थी सोपी जातात. यादीत 'वांदिवाश' आले तर ते १७६० च्या लढाईचे वांदिवाश, तमिळमध्ये वंदवासी. 'जिंजी' आली तर ती राजाराम महाराजांची जिंजी; तमिळ माणूस तिला सेंजी म्हणतो आणि इंग्रज तिसऱ्याच तऱ्हेने लिहितो. एकाच गावाची ही तीन रूपे डोळ्यांसमोर ठेवली की बाकीच्या नावांत काय गोंधळ असेल याची कल्पना येते. 'चिंगलपेट' म्हणजे चेंगलपट्टू, 'ट्रिचिनापोली' म्हणजे तिरुच्चिरापळ्ळी. नॉर्थ अर्काट जिल्हा आता नकाशावर नाही. १९११ मध्ये त्यातून चित्तूर निघाला आणि तो आज आंध्रात आहे. उरलेल्याचे १९८९ मध्ये दोन भाग झाले, आणि २०१९ मध्ये वेल्लूरमधून राणीपेट आणि तिरुपत्तूर वेगळे झाले. म्हणजे यादीतल्या एका 'नॉर्थ अर्काट'साठी आज दोन राज्यांतले निदान पाच जिल्हे बघावे लागतात. म्हणून तालुक्याचा रकाना जिल्ह्याच्या रकान्यापेक्षा मोलाचा.

गावाच्या नावाचा शेवट आधी पकडा: पाक्कम, पाडी, पट्टी, पाळयम, कुप्पम, ऊर. शेपूट निश्चित झाले की पुढचा भाग सुटतो. 'पाक्कम' शेवटची गावे चेंगलपट्टू आणि उत्तर अर्काट पट्ट्यात दाट आहेत, 'पाळयम' कोंगू भागात. मग त्या नावाची सगळी शक्य तमिळ रूपे कागदावर मांडा. क-ग, त-द, प-ब यांच्या जोड्या तमिळमध्ये एकेकाच अक्षराने लिहितात, च आणि स यांचीही अदलाबदल होते. म्हणून चिन्नसामी आणि सिन्नसामी एकच. तमिळचे ते वळणदार 'ळ', जे 'तमिळ' या शब्दातच आहे, ते इंग्रजीत कधी एल, कधी आर, कधी झेडएच होऊन येते. तमिळ वाचता येणाऱ्या माणसाशिवाय ही पायरी करू नये. पुदूर, नल्लूर अशी गावे तर प्रत्येक तालुक्यात दोन-चार निघतात; तिथे तालुका नसेल तर थांबलेले बरे. चुकीच्या गावात जाऊन हारतुरे घेऊन परतलेली कुटुंबे कमी नाहीत.

गाव निश्चित झाल्यावर तिथे काय विचारायचे? दीडशे वर्षांपूर्वीचा मुनसामी कुणाला आठवणार नाही. कुलदैवत विचारा. डर्बनच्या घरात आजी वर्षातून एकदा कुणाच्या नावाने कोंबडा किंवा बकरा देते, कुणाला पोंगल शिजवते, हे आधीच लिहून घ्या. द्रौपदी अम्मनचा अग्नी तुडवण्याचा नवस घरात असेल तर तो उत्तर आणि दक्षिण अर्काट पट्ट्याकडे, आणि त्यातही वन्नियरांकडे बोट दाखवतो. उलट कोंगू वेल्लाळ कवुंडरांत 'कूट्टम' म्हणजे कुळ फार काटेकोर असते, प्रत्येक कूट्टमचे ठरलेले दैवत आणि ठरलेले मूळ गाव. एकाच कूट्टममध्ये लग्न होत नाही. घरात कूट्टमचे नाव कुणाला आठवत असेल तर उत्तर मिळालेच म्हणून समजा. मात्र आठवत नाही म्हणून ते कोंगू नव्हेत, असे सिद्ध होत नाही. पाच पिढ्यांत बरेच काही विसरले जाते.

यादीत माणूस सापडलाच नाही तर? तो करारावर न येता स्वतःचे भाडे भरून आलेला असू शकतो, ज्यांना 'पॅसेंजर इंडियन' म्हणत. किंवा मॉरिशसमार्गे आलेला. गांधीजींचे ट्रान्सवालमधले सहकारी थंबी नायडू मॉरिशसला जन्मले आणि १८८९ मध्ये दक्षिण आफ्रिकेत आले. अशा माणसाचे नाव नाताळच्या करारी यादीत येणारच नाही. त्यांच्यासाठी मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी इन्स्टिट्यूटचे दप्तर पाहावे लागते. डीएनए चाचण्या विकणाऱ्या कंपन्यांच्या नादी मात्र यासाठी लागू नका. त्या 'दक्षिण भारत' एवढे सांगतील, तालुका सांगणार नाहीत.

लग्नघरात आता या मंडळींचा राबता सुरू होईल, तेव्हा आणखी काही आडनावांचा उलगडा जाता जाता. पिल्ले म्हणजे मूल, लेकरू. पुढे मानाची पदवी झाली आणि ती वेल्लाळांपासून केरळच्या नायरांपर्यंत अनेकांत आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार उच्चायुक्त राहिलेल्या (२००८ ते २०१४) नवी पिल्ले डर्बनच्या. फ्रेंचांनी याच पिल्लेचे 'पुल्ले' केले, म्हणून रियुनियनचे विरापुल्ले. मूडलीतला 'मुदल' म्हणजे पहिला. पडयाचीतला 'पडै' म्हणजे सैन्य. नायडू आणि रेड्डी या तेलुगू पदव्या आहेत, जरी ती घरे तमिळ जिल्ह्यांतून गेलेली असली तरी. मुनसामी हा मुनिसामी, गावाच्या राखणदार दैवताच्या नावाचा. आणि कुप्पुसामी ऐकून हसू नका: कुप्पै म्हणजे केर. आधीची मुले दगावली की पुढच्याला दृष्ट लागू नये म्हणून केरात लोळवून हे नाव ठेवायचे. आपल्याकडच्या केरू, धोंडू, दगडूमागे दुसरे काय आहे?

शेवटी लग्नपत्रिकेचा प्रश्न, कारण तो येणारच. कुणी जाणता पाहुणा म्हणेल की बरोबर शब्द कवुंडर आहे, तसे छापा. छापू नका. पासपोर्टवर, जन्माच्या दाखल्यावर, विवाह नोंदणीच्या अर्जावर एकच स्पेलिंग असले पाहिजे, आणि पत्रिका पुरावा म्हणून जोडायची वेळ आली तर तिच्यावरही तेच लागते. मुलीने लग्नानंतर हे आडनाव घेतले तर तिच्या कागदांवरही अक्षर न अक्षर तसेच यावे. देवनागरीत 'गोवेंडर' लिहा. मुलाच्या आजीला तिच्या आजीचे पहिले नाव काय होते, ते मात्र या गडबडीतच विचारून टिपून ठेवा. क्रमांक शोधताना पहिल्यांदा तेच लागेल.